मधलं उत्तर

प्रिय सूनबाई,

'माजी' असं आधी लिहू का, हे लॉण्ड्रीवालीने विचारलं. लिहू नकोस म्हटलं. कोर्टाने तुला आणि माझ्या चिरंजीवांना वेगळं केलं, ते तुमचं तुम्ही बघा. सासू-सुनेचा कागद कोणी कधी केलाच नव्हता, तर तो फाडणार कुठून? मी सांगते आहे आणि आपल्या गल्लीच्या टोकाची लॉण्ड्रीवाली लिहिते आहे. कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून लिहून तिचं अक्षर मुंगीएवढं झालंय म्हणे, तेव्हा चष्मा लावून वाच. शाईसुद्धा तिच्या दुकानातली आहे, धुतली तरी जात नाही. बरंच आहे. हल्ली लोक आधी लिहितात, मग पुसतात, आणि 'हा मजकूर पुसला आहे' अशी पाटी तेवढी मागे ठेवतात. म्हणजे चोरी झाली हे घरच्यांना कळावं, पण काय गेलं ते कळू नये.

मुद्द्याचं आधी लिही, असं मी तिला बजावलं, कारण तू रागात असलीस तर पहिल्या पानाच्या पुढे जायची नाहीस. माझ्या फोनवरून तुला जे उत्तर आलं, ते माझं नाही. बोट माझं, उत्तर माझं नाही. हे कसं काय, ते सांगायला वेळ लागणार आहे, तेव्हा चहा करून घे आणि बस. मी काही गोड बोलून तुझा राग उतरवणार नाही, ते मला जमत नाही हे तुला माहीत आहे. पण तू मला कायमची सोडावीस, आणि तेही एका यंत्राच्या शब्दावर, हे मला सरणावरसुद्धा पटायचं नाही.

तुझ्याशी बोलायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. आवाज भरून पाठवला. लॉण्ड्रीवालीने बघितलं आणि म्हणाली, आजी, एकच खूण आली आहे, दुसरी येत नाही, तिने तुम्हाला ब्लॉक केलंय. म्हटलं म्हणजे काय? म्हणाली, दार लावून घेतलंय. मग फोन केला, तर ती नेहमीची बाई बोलली. जगात कोणाच्याही घरी फोन करा, दार उघडायला हीच, आणि कायम नुकती आंघोळ करून आल्यासारखी प्रसन्न. आमच्या वेळी सासूच्या तोंडावर दार लावायचं तर उठावं लागायचं, कडी सरकवावी लागायची. सासू बाहेर उभी राहून दार बडवायची, शेजारी जमायचे, चार जण समजूत काढायचे, शेवटी कोणीतरी उघडायचं. दार लावायलाही अंगात दम लागायचा. आता भाजी चिरता चिरता एका बोटाने माणूस घराबाहेर. त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की आपण बाहेर आहोत, तो आत बसल्यासारखा बोलत राहतो. मीही तशी दोन दिवस बोलत होते. तुला सांगते, मी त्यात एक विनोदसुद्धा केला होता.

तुझा पत्ता चिरंजीवांकडे मागणार नव्हतेच. मग माझ्या कवळीची डबी आठवली. तिच्या बुडाला तुमच्या दातांच्या लॅबचा पत्ता छापलेला आहे. कवळी वाटीत ठेवली आणि डबी लॉण्ड्रीवालीच्या हातात दिली. तेव्हा हे पत्र तुझ्या कामावर येणार. तुमच्या मालकासमोर फोडू नकोस, माणूस चौकस दिसला होता.

आता घरची हकीकत. चिरंजीव मजेत आहेत, म्हणजे जसे होते तसेच आहेत. ऑफिस अजून घरूनच चालतं. वरती इस्त्रीचा शर्ट, खाली ती गुडघ्यावर फाटलेली चड्डी, आणि समोर चौकोनी चौकोनी माणसं. सकाळपासून एकच घोषा, माझा आवाज येतोय का, माझा आवाज येतोय का. इतकी माणसं इतक्या वेळा आवाज येतोय का विचारतात, पण पुढे कोणी काही बोललेलं मी अजून ऐकलं नाही. जेवायला हाक मारली तर येत नाही. पलीकडच्या खोलीतून मेसेज टाकतो, पाच मिनिटांत. मधे एक भिंत आहे, सूनबाई, तीसुद्धा पातळ. मी इकडे खोकले तर तो तिकडे दचकतो. तरी मेसेज.

तू गेल्यावर त्याने घरात नवीन दिवे आणले. बटण दाबायचे नाहीत, सांगून लावायचे. रोज संध्याकाळी हा खोलीच्या मधोमध उभा राहतो आणि दिव्याची आळवणी करतो. आधी रुबाबात, दिवा लाव. मग जरा हळू, दिवा लाव ना. मग नेट नाही म्हणून अंधारात अपडेट करत बसतो. मी माझ्या खोलीतलं जुनं बटण काढू दिलं नाही, त्यामुळे संध्याकाळी घरात उजेड एकट्या म्हातारीकडे. परवा तो दिव्याला म्हणाला, प्लीज. इतकी वर्षं मी त्या घरात आहे, त्याने तुला कधी प्लीज म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असतं तर कदाचित हा दिवा विकत घ्यावा लागला नसता.

आणि एक. त्याला कसलासा अर्ज भरायचा होता, तर त्या फोनने त्यालाच विचारलं की तू माणूस आहेस हे सिद्ध कर. पुलांची चित्रं दाखवली आणि ज्यात पूल आहे ती दाब म्हणाला. ह्याने दाबली. चूक. मग सायकली. चूक. मग जिने. घामाघूम झाला गं. शेवटी यंत्राने निकाल दिला की हा माणूस वाटत नाही, नंतर प्रयत्न करा. मला विचारलं असतं तर एवढे पूल मोजायची गरज नव्हती.

तू म्हणशील, आई, स्वतःच्या मुलाला किती टोचता. टोचते, कारण मला अजून तुमच्या लग्नाचा तो वाढदिवस आठवतो. तुला चार दिवस ताप होता, आणि घशातून पाणी उतरत नव्हतं. ह्याने त्या चार दिवसांत एकदाच विचारलं, तेही चार्जर कुठे आहे म्हणून. आणि त्या दिवशी सकाळी त्याने तुमचा एक जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, माझी सावली, माझा श्वास, माझ्या घराचा उंबरठा. तू माझ्याशेजारी बसून मटार सोलत होतीस. फोन टुणकन वाजला, तू तो मजकूर मला वाचून दाखवलास, अगदी सरळ आवाजात, बाजारभाव वाचावा तसा. मग म्हणालीस, आई, हृदयं यायला लागली. किती तरी आली. लोक काय काय लिहीत होते, आदर्श जोडी म्हणून, नजर लागू नये म्हणून. तू फोन पालथा ठेवलास आणि पुन्हा मटार सोलायला लागलीस. एकही दाणा खाली पडला नाही. तेव्हाच मला कळलं की ही जाणार. घराचा उंबरठा म्हणे. उंबरठ्यावरून लोक ये-जा करतात, त्याच्याकडे बघतं कोण?

असो. आता माझ्या फोनवर येते. तो दिला तो तुझ्या नणंदेच्या मुलाने, माझ्या कंप्युटरवाल्या नातवाने. तो आला तेव्हा तू होतीस. अक्षरओळख नाही म्हणून काही अडायचं नाही आजी, असं म्हणून त्याने फोनमध्ये एक बाई बसवून दिली, कोणी लिहून पाठवलं की कानात वाचून दाखवणारी. तू तिची नक्कल करायचीस आणि मला हसून हसून ठसका लागायचा. तिला ना सुतक ना सोहळा. दिराच्या व्याह्याचं वारलेलं आणि चादरींचा सेल, दोन्ही एकाच दमात वाचायची. व्याही गेले आणि त्यांच्यावर निम्मी सूट आहे, असं मला घटकाभर वाटलं होतं.

तर त्या बाईला मी काढून टाकलं, हे तुला माहीत नाही. तू गेल्यानंतरची गोष्ट. डॉक्टरांच्या बाहेर बसले होते, खोली माणसांनी भरलेली. कानातली वायर कुठेतरी निसटली होती, ते मला कळलं नाही. चिरंजीवांनी मेसेज पाठवला आणि बाईने तो भर सभेत, मोठ्या प्रसन्नपणे वाचला, की आई जुलाब थांबले का, आणि पातळ होते की घट्ट. समोर टाय लावलेला एक गृहस्थ बसला होता, त्याने अदबीने उठून खिडकी उघडली. त्याच दिवशी मी डॉक्टरांच्या कम्पाउंडरकडून ती बाई बंद करवून घेतली. कोणाला बोलले नाही. नातवाला वाईट वाटलं असतं, चिरंजीवांनी मला काहीतरी शिकवायला घेतलं असतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू जुलाबाची नक्कल केली असतीस.

बाई गेली, पण मेसेज यायचे थांबले नाहीत. आणि आला की त्याच्याखाली फोन स्वतःच तीन उत्तरं तयार करून ठेवतो. चौकोनात, रांगेत, दुकानात मांडल्यासारखी. आपण फक्त दाबायचं. माणसाला उत्तर सुचतसुद्धा नाही असं त्या यंत्राने गृहीत धरलंय, आणि आपले नातेवाईक बघता ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. मला वाचता येत नाही. पण मी बाजार केलेला आहे. वरचा माल दाखवायचा असतो, कडेचा मऊ पडलेला असतो, घ्यायचा तो मधला. म्हणून मी कायम मधलं उत्तर दाबते. दाबत होते.

आणि तुला काय सांगू, माझी कीर्ती झाली. तुझे चुलत सासरे, रोज पहाटे सूर्य पाठवणारे आणि स्वतः दहाला उठणारे, त्यांनी मुतखडा पडल्याची बातमी टाकली. मी मधलं दाबलं. 'अभिनंदन!' गेलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खड्याचा फोटो पाठवला. भाचीने, तीच ती, फोटोत नाक घासून घासून नाहीसं केलेली, तिने नोकरी सोडू का म्हणून मोठं रडगाणं लिहिलं. मी मधलं दाबलं. 'तुला योग्य वाटेल ते कर.' तिने सगळ्यांना सांगितलं की मावशी एका वाक्यात जीवनाचं सार सांगते. ग्रुपवर मला विचारल्याशिवाय पान हलेना. आयुष्यभर मी डोकं चालवून बोलले तेव्हा लोक म्हणायचे, म्हातारीच्या तोंडाला हाड नाही. आणि न वाचता बोट टेकवायला लागले तर मी ज्ञानी. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ह्यात काहीतरी कुजकं आहे. पण कौतुक कोणाला नको असतं?

तुझं माझं तसं नव्हतं. तू लिहायचीच नाहीस, तू आवाज पाठवायचीस. सकाळचं आवरून मी चहा घेऊन बसले की तुझा आवाज लावायचा. मागे तुमचं ते घासायचं यंत्र घूं घूं करत असायचं, आणि तू सांगायचीस की आज एका बँकेच्या साहेबाची दाढ करते आहे, माप घेताना त्याने सहायिकेचं बोट चावलं. मला ते बरं वाटायचं. तू केलेले दात तोंडात घालून तुझी गोष्ट ऐकायची. माझा समोरचा एक दात तू मुद्दाम थोडा वाकडा ठेवला होतास, कारण माझा खरा दात तसा होता. मालक म्हणाला होता, सरळ करा, सरळ छान दिसतो. तू म्हणाली होतीस, छान दिसेल पण ह्या बाईंचा दिसणार नाही. सगळी दुनिया फोटोत सरळ, गोरी आणि गुळगुळीत व्हायला धडपडत असताना मला तेवढा एक वाकडा दात परत मिळाला. मी तो ग्रुपवरच्या कोणाला दाखवत नाही. त्यांची लायकी नाही.

मग तुझा आवाज यायचा बंद झाला. मी फोनमध्ये तुझं तोंड शोधत बसायचे. मी माणसं तोंडावरूनच ओळखते, नाव मला वाचता येत नाही. तुझं तोंड सापडेना. ते का, हे आता कळलं. तू फोटो बदललास. त्याला डीपी म्हणतात म्हणे. तुझा चांगला हसरा चेहरा होता, तो काढून तू तिथे खिडकीत ठेवलेल्या दोन कपांचा फोटो लावलास. सूनबाई, तू शहाणी मुलगी. ह्या लोकांच्या नादाला कशी लागलीस? कोणी स्वतःच्या जागी कुत्रं लावतं, कोणी मावळता सूर्य, कोणी पाठमोरं उभं राहून समुद्राकडे बघतं. चुलत सासऱ्यांनी तर वाघ लावलाय, आणि बायको ओरडली की न्हाणीघरात जाऊन बसतात. मला वाटलं, दोन कप म्हणजे चहाच्या कंपनीची जाहिरात. जाहिरातींनाही मी मधलंच उत्तर देते, उगाच कोणाला वाईट का वाटू द्यायचं.

इतके दिवस मला वाटत होतं की तू दमलीस. म्हातारीला रोज किती गोष्टी सांगायच्या? आपलं नातं आहे तरी काय, असं तुझ्या मनात आलं असेल, आणि आलं तर ते चूक नाही, असंही मी स्वतःला समजावलं. चहा एकटीने प्यायला लागले. फोन समोर ठेवून बसायचे आणि तो काही बोलायचा नाही. ह्या वस्तूचा दुष्टपणा बघ, बोलते तेव्हा नको नको होतं, आणि गप्प बसते तेव्हा माणूस मेल्यासारखं वाटतं.

तर गेल्या आठवड्यात जेवताना चिरंजीव, नजर फोनमध्ये, घास गालात, सहज म्हणाले की तू तिला बरं सुनावलंस. कोणाला, म्हटलं. तुझं नाव घेतलं. म्हणाला, तुझी उरलेली पुस्तकं मागायला तुझा मेसेज आला होता, आणि त्यात तू लिहिलं होतंस की आईंना एक विचारलं होतं, पण त्यांनी नकार दिला. त्याचा चेहरा समाधानी होता. इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा आपल्या बाजूने उभी राहिली, असं त्याला वाटत होतं. तू मला काय विचारलं होतंस, हे मी त्याला विचारलं नाही. पाणी प्यायले, ताट उचललं.

सकाळी फोन उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि लॉण्ड्रीत गेले. लॉण्ड्रीवालीला म्हटलं, ह्यात सूनबाईचं नाव शोध आणि काय लिहिलंय ते वाच. तिने आधी यंत्राची वाफ बंद केली, मग नाव शोधलं, तर त्याच्याशेजारी ते दोन कप. आत्ता हे लिहिताना ती म्हणते आहे की आजी, हे सगळं तिला माहीत आहे, पुन्हा कशाला. लिही म्हटलं. तुला हे माहीत आहे की ते तू लिहिलंस. मी ते कुठे उभं राहून ऐकलं, हे तुला माहीत नाही.

तर लॉण्ड्रीवालीने वाचलं. आई, हे लिहून पाठवते आहे, आवाज पाठवला तर घरभर ऐकू जाईल. फोनमधल्या बाईला कानात वाचायला सांगा. मी लग्न करते आहे. नोंदणी कचेरीत, तारीख खाली दिली आहे, गाजावाजा काही नाही. त्याच्याकडून त्याचे आईवडील येतील. माझ्याकडून मोठं असं कोणी नाही. तुम्ही याल का, माझ्या बाजूने? नाही म्हणालात तरी मला समजेल.

आणि त्याच्याखाली मी. 'नाही, धन्यवाद.'

लॉण्ड्रीवालीने फोन काउंटरवर ठेवला. कोट घ्यायला एक गिऱ्हाईक उभं होतं, ते भिंतीवरची दरांची पाटी वाचायला लागलं. मी म्हटलं, पुढे वाच. तर पुढे तू लिहिलंयस, समजलं आई, पुन्हा विचारणार नाही, तब्येतीला जपा. आणि त्याच्याखाली पुन्हा मी. 'छान!'

मी तिला विचारलं, बाकीची दोन काय होती? पहिलं काय आणि तिसरं काय? ती म्हणाली, ते आता दिसत नाही आजी, एक दाबलं की बाकीची जातात. पण एक तरी 'हो' असणार, असतंच. म्हणजे माझ्या बोटापासून शेंगदाण्याएवढ्या अंतरावर 'हो' होतं. मी त्या काउंटरवर बसले, दुसऱ्याच्या धुतलेल्या चादरींवर. तिने मला उठवलं नाही. हिला लिहायला सांगायचं मी तेव्हाच ठरवलं.

घरी येऊन चिरंजीवांना सगळं सांगितलं. आधी त्यांनी मला समजावलं की ही माझी चूक नाही, त्या सोयीची सेटिंग बदलता येते. मग मी कुठे जाणार आहे ते सांगितलं. तेव्हा फोन खाली ठेवला. म्हणाला, तू तिकडे फोटोत आलीस तर ग्रुपवर फिरेल, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, फिरू दे, मी वाकडा दात दिसेल असं हसते. मग म्हणाला, "तू माझी आई आहेस." मी म्हणाले, "तुझी आहेच. तिची कोणी नाही, म्हणून जाते आहे." तो उठून गेला. थोड्या वेळाने माझ्या दारात येऊन उभा राहिला, स्वतः, चालत, हातात काही नाही. म्हणाला, तिला सांग. आणि थांबला. पुन्हा म्हणाला, तिला सांग की. मी वाट बघितली. पण समोर तीन चौकोन आले नाहीत, तर त्याने बोलायचं कसं? तसाच परत गेला. तेव्हा त्याचा निरोप काय ते मला माहीत नाही. त्यालाही नाही. पण दारापर्यंत आला होता, एवढं मी तुला सांगते, कारण तो माझा मुलगा आहे आणि त्याच्या बाजूनेही कोणीतरी एक वाक्य बोलायला हवं.

आता ऐक, हे सगळं लिहवलं ते एवढ्यासाठी. तू विचारलंस त्याचं माझं उत्तर हो आहे. तारीख तुझ्या मेसेजात होती. हे पत्र तोवर पोचेल न पोचेल, तुझा राग जाईल न जाईल, मी त्या दिवशी कचेरीबाहेरच्या बाकावर बसलेली असेन, कचेरी उघडायच्या आधीपासून. लॉण्ड्रीवाली कपड्यांच्या गाडीतून आणून सोडणार आहे. मला बघून तोंड फिरवावंसं वाटलं तर खुशाल फिरव, पण समोर येऊन फिरव, म्हणजे मला ते दिसेल आणि मी उठून तुझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहीन. साक्षीदार लागतात म्हणे, आणि सही करावी लागते. मला सही येत नाही. पण अंगठा चालतो, लॉण्ड्रीवालीने कचेरीत स्वतः जाऊन, कारकुनाच्या तोंडून ऐकून घेतलंय. तो विचारणारच, आजी, तुम्ही नवरीच्या कोण. मी सासू म्हणून सांगणार. तो म्हणेल, सासू तर त्या बाजूला बसली आहे. म्हणू दे. एका मुलीला दोन सासवा असल्या तर कायद्याचं काही बिघडतं का, हेही तिने विचारलं. तो कारकून पुष्कळ वेळ विचार करत होता म्हणे, आणि मग म्हणाला, कुठे लिहिलेलं तर नाही.

तुझीच,
कुठेही न लिहिलेली सासू